अन्नस्वच्छता, व्यापारी आणि नगरपालिका : शिवडी-परळ परिसराचा एक ऐतिहासिक विचार

१

मुंबई शहराच्या सार्वजनिक आरोग्याचा इतिहास पाहू लागले असता पाणीपुरवठा, मलनिस्सारण आणि साथीचे रोग या तीन विषयांकडे अभ्यासकाचे लक्ष प्रथम जाते, व ते स्वाभाविकही आहे. नागरिकाच्या ताटात रोज पडणारे अन्न ज्यांच्या हातून येते ते धान्याचे व्यापारी, गवळी, खानावळवाल्या, कोळणी आणि फेरीवाले यांच्या स्वच्छतेचा प्रश्न मात्र या तिन्ही विषयांच्या आड राहतो. या प्रश्नाकडे नगरपालिकेने व सरकारने दीडशेहून अधिक वर्षांत कोणत्या दृष्टीने पाहिले, याचा विचार शिवडी-परळ परिसराच्या आधारे करण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

हा परिसर निवडण्यास कारण आहे. बंदराच्या धान्यवखारी, समुद्रकिनारा, गिरणी कामगारांच्या चाळी व खानावळी, आणि ज्या प्रयोगशाळेत प्लेगचे संशोधन झाले ती परळची संस्था, ही सारी येथे परस्परांपासून पायी जाण्याच्या अंतरावर आहेत. अन्नस्वच्छतेच्या प्रश्नाची बहुतेक अंगे एवढ्या लहान क्षेत्रात एकत्र आढळणे हे अभ्यासकाच्या सोयीचे आहे.

विवेचनास आरंभ करण्यापूर्वी एक भेद स्पष्ट केला पाहिजे. अन्नाची अशुद्धता दोन प्रकारची असते. दुधात पाणी घालणे अथवा तुपात परका स्निग्ध पदार्थ मिसळणे ही बुद्धिपुरस्सर केलेली भेसळ होय. तीत विक्रेत्याचा लाभ असतो आणि म्हणून दोषही असतो. नळ नाही म्हणून एकाच बादलीत शंभर पेले विसळणे, किंवा वखार कच्ची म्हणून धान्यात उंदीर होणे, ही अस्वच्छता होय. तिच्या मुळाशी बहुधा सोयींचा अभाव असतो. दोष शिक्षेने आवरता येतो. अभाव शिक्षेने भरून निघत नाही. मुंबईच्या अन्नविषयक प्रयत्नांचे यशापयश या दोहोंतील भेद कोठे ओळखला गेला व कोठे नाही यावर अवलंबून राहिले, असे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

२

१८६५ च्या कायद्याने मुंबईच्या नगरपालिकेस नवे स्वरूप आले. आर्थर क्रॉफर्ड हे पहिले म्युनिसिपल कमिशनर झाले व आरोग्य अधिकाऱ्याच्या पदावर डॉ. ह्यूलेट यांची नेमणूक झाली. क्रॉफर्ड यांची दृष्टी बांधकामाची होती. मांस, मासळी, फळे व भाजी यांची विक्री अरुंद गल्ल्यांतून काढून प्रशस्त, हवेशीर, दगडी फरशीच्या व पाण्याची सोय असलेल्या इमारतीत आणावी, या विचारातून १८६९ मध्ये त्यांच्या नावाची मंडई उभी राहिली. हीच आजची महात्मा जोतिबा फुले मंडई. याच काळात शहरातील कत्तलखाना नगराच्या तत्कालीन सीमेबाहेर वांद्रे येथे नेण्यात आला. तो तेथे शंभर वर्षे राहिला आणि १९७१ मध्ये देवनारला हलविण्यात आला.

क्रॉफर्ड यांच्या या पद्धतीचे तत्त्व सरळ होते. विक्रेत्यास स्वच्छतेचा उपदेश करण्याऐवजी, स्वच्छ राहणे ज्याला सहज शक्य होईल अशी जागा त्याला द्यावयाची. पण अशा जागेला पैसा लागतो. क्रॉफर्ड यांच्या कारभारातील खर्चाविरुद्ध करदात्यांनी १८७१ मध्ये मोठी चळवळ केली, क्रॉफर्ड यांना पद सोडावे लागले, आणि १८७२ च्या कायद्याने करदात्यांचे निर्वाचित प्रतिनिधी कारभारात आले. लोकशाहीच्या दृष्टीने हे पाऊल पुढचे होते यात शंका नाही. मात्र कर भरणाऱ्यांच्या हाती खर्चाचा लगाम आला आणि ज्यांना मंडईची व नळाची सर्वांत अधिक गरज होती ते मतदारच नव्हते, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

१८८८ च्या महानगरपालिका कायद्यात अन्नविक्रीसंबंधी जी कलमे आहेत त्यांचा झोक यामुळे समजतो. आरोग्यास अपायकारक होऊ शकणारे धंदे परवान्यावाचून चालवू नयेत (कलम ३९४), मांस व मासळी मंडईबाहेर परवान्यावाचून विकू नये (कलम ४१०), विक्रीस मांडलेल्या अन्नाची तपासणी करावी व खाण्यास अयोग्य असलेले जप्त करावे, अशी त्यांची रचना आहे. मंडया बांधण्याचा अधिकारही त्यात आहेच. परंतु बांधणे खर्चाचे होते, तर परवाना देणे जवळजवळ फुकटचे, उलट थोडे उत्पन्न देणारे. परवाना आणि दंड हे नगरपालिकेचे नित्याचे साधन झाले याचे कारण केवळ वैद्यकीय समजुतीत शोधून चालणार नाही. ते तिच्या जमाखर्चातही शोधावे लागते.

३

या पद्धतीची पहिली मोठी कसोटी प्लेगने घेतली. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवी भागात प्लेगचे निदान केले. मांडवी हा बंदरालगतचा धान्य, साखर वगैरे मालाच्या वखारींचा भाग. वखारी खाली आणि माणसांची वस्ती वर, अशी तेथील घरांची रचना. रोग घाणीतून व दूषित हवेतून उत्पन्न होतो या तत्कालीन समजुतीस अनुसरून आरोग्य अधिकारी डॉ. वीअर यांच्या खात्याने गटारे समुद्राच्या पाण्याने व कार्बॉलिक द्रवाने धुवून काढली, घरे चुन्याने रंगविली आणि माल हलविला. १८९७ च्या साथरोग कायद्याने घरझडती व सक्तीचे विलगीकरण यांचे अधिकार आले आणि लोकांचा रोष ओढवला. गटारे धुतली गेली, तरी उंदीर एका वखारीतून दुसऱ्या वखारीत गेलेच.

रोगाचे खरे गमक परळमध्ये उलगडले. वाल्देमार हाफकिन यांची प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये आली. १९२५ पासून ती हाफकिन इन्स्टिट्यूट या नावाने ओळखली जाते. येथील कॅप्टन ग्लेन लिस्टन यांनी उंदीर, उंदरावरील पिसू आणि माणूस यांचा संबंध १९०३ नंतरच्या वर्षांत निरीक्षणाने दाखविला, आणि १९०५ मध्ये काम सुरू करणाऱ्या प्लेग संशोधन आयोगाने तो प्रयोगांनी दृढ केला. आयोगाने शहरातील निरीक्षणांबरोबरच परळ, वडाळा, शीव व वरळी या चार गावांतही उंदरांची पाहणी केली. वडाळा आणि परळ ही शिवडीची शेजारची गावे. आज शहराच्या मध्यभागी असणारा हा प्रदेश त्या काळी संशोधकांना खेडी म्हणून उपयोगी पडला, ही गोष्ट मुंबईच्या वाढीचा वेग दाखविते.

आयोगाच्या प्रयोगांपैकी एक येथे विशेष महत्त्वाचा आहे. देशी घरांच्या धर्तीवर शेजारी शेजारी सहा लहान खोल्या बांधण्यात आल्या. त्यांत फरक फक्त छपराचा होता: दोन खोल्यांवर साधी कौले, ज्यांत उंदीर मुक्तपणे राहतात, दोहोंवर सपाट कौले, ज्यांत त्यांना राहणे अवघड जाते, आणि दोहोंवर पन्हळी पत्रा, ज्यात त्यांना आसराच नाही. छपराखाली तारेची जाळी लावली होती. तीतून उंदीर खाली येऊ शकत नसे, पिसू मात्र पडू शके. खोल्यांत गिनीपिग ठेवून संसर्ग पसरतो की नाही हे पाहण्यात आले. कौलारू खोल्यांत रोग पसरला, पत्र्याच्या खोल्यांत पसरला नाही. खोलीतल्या प्राण्यांचे आचरण सर्वत्र एकच होते. भेद केवळ इमारतीचा होता.

या निष्कर्षाचा अर्थ धान्यव्यापाराच्या दृष्टीने दूरगामी होता. धान्याची वखार हे उंदराचे घर आणि अन्नभांडार दोन्ही असते. व्यापाऱ्यास दंड करून अथवा चुन्याचा हात देऊन वखार उंदरांपासून मुक्त होत नाही; तिचा पाया, भिंत, दार व छप्पर उंदराला शिरकाव होणार नाही असे असावे लागते, आणि वखारीच्या माथ्यावर माणसांची बिऱ्हाडे असता कामा नयेत. हे एकट्या दुकानदाराच्या आवाक्यातले काम नव्हते. ते नगररचनेचे काम होते.

शिवडीचा संबंध येथे येतो. पोर्ट ट्रस्टने १९१२ पर्यंत माझगाव-शिवडी भागात सुमारे ५८३ एकर जमीन समुद्र हटवून तयार केली. तिच्यावर रुंद रस्ते, बंदराच्या रेल्वेचे फाटे, धान्याचे व पुढे कापसाचे विस्तीर्ण डेपो उभे राहिले. यात पोर्ट ट्रस्टचा हेतू व्यापाराच्या सोयीचा होता. त्याला आरोग्ययोजना म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. तथापि निवासापासून अलग, रांगेने बांधलेल्या व मोकळी जागा सोडलेल्या वखारी ही जी रचना येथे झाली, तीच आयोगाच्या संशोधनातून निघणारी रचना होती. व्यापाराचे हित आणि आरोग्याचे हित एकाच आराखड्यात बसले, म्हणून पैसा उपलब्ध झाला. मशीद बंदर-दाणाबंदर भागातील घाऊक धान्यव्यापार मात्र बराच काळ जुन्या पेठेतच राहिला. तो नवी मुंबईतील वाशीस जाण्यास विसाव्या शतकाचे शेवटचे दशक यावे लागले.

४

धान्याबाबत जे वखारीने शिकविले ते दुधाबाबत गोठ्याने शिकविले. मुंबईत दुभत्या म्हशींचे गोठे दाट वस्तीत होते. भेसळीला आळा घालण्यासाठी मुंबई प्रांतात १८९९ मध्ये कायदा झाला, व १९२५ मध्ये त्याच्या जागी अधिक व्यापक कायदा आला. या कायद्यांनी दुधाचा नमुना घेणे, पृथक्करण करणे आणि दंड करणे हा क्रम रूढ झाला. दुधातील पाणी व स्निग्धांश मोजता येतो. म्हणून भेसळ सिद्ध करणे सोपे. परंतु शुद्ध, पाणी न घातलेले दूधही गोठ्याच्या घाणीने, उघड्या भांड्याने व उन्हातल्या वाहतुकीने रोगजंतूंनी भरलेले असू शकते. आणि मुलांच्या जिवाला धोका प्रामुख्याने तेथून असतो. स्निग्धांशाच्या परीक्षेत हे दूध उत्तीर्ण होते.

डॉ. लेम्युएल लुकास जोशी यांनी १९१६ मध्ये हिंदुस्थानातील शहरांच्या, विशेषतः मुंबईच्या, दुधाच्या प्रश्नावर स्वतंत्र इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. एका महाराष्ट्रीय वैद्यकाने आपल्या शहराच्या एका अन्नपदार्थावर एवढा सविस्तर विचार त्या काळी करावा, ही गोष्ट आमच्या विद्यापीठीय अभ्यासकांनी स्मरणात ठेवण्यासारखी आहे. १९०१ पासून आरोग्य खात्याची धुरा वाहणारे डॉ. टर्नर यांचा हिंदुस्थानातील आरोग्यव्यवस्थेवरील ग्रंथ १९१४ चा. ही दोन पुस्तके जवळ ठेवून वाचली असता, विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात मुंबईत अन्नाच्या प्रश्नाचा किती गांभीर्याने विचार चालला होता याची कल्पना येते.

प्रश्न हलला तो मात्र दुसऱ्या महायुद्धानंतर. दारा खुरोडी यांच्या पुढाकाराने १९४६ मध्ये स्निग्धांश कमी केलेल्या ‘टोन्ड’ दुधाचा प्रयोग मुंबईत झाला. म्हशीच्या दुधात मलईविरहित दुधाची पूड व पाणी योग्य प्रमाणात मिसळून ते निर्जंतुक करावयाचे व स्वस्त विकावयाचे, अशी ही युक्ती होती. जे पाणी गवळ्याने घातले असता गुन्हा ठरे, तेच शास्त्रीय देखरेखीखाली, उघडपणे व ठरलेल्या प्रमाणात घातले असता गरिबाला परवडणारे दूध देऊन गेले. १९४९ मध्ये गोरेगावजवळ आरे दुग्धवसाहत स्थापन झाली आणि शहरातील हजारो म्हशी तेथे नेण्यात आल्या. गवळ्यांचा धंदा बुडाला नाही. जनावरे त्यांचीच राहिली, गोठा, पाणी, चारा व दूध तापविण्याची यंत्रे यांची व्यवस्था सरकारने केली. पन्नास वर्षांच्या नमुने-तपासणीने जे साधले नव्हते ते व्यवस्था बदलल्याने बऱ्याच अंशी साधले. शहरातले सारे गोठे त्यामुळे नाहीसे झाले असे नव्हे, आणि भेसळही संपली नाही. ती दोषाच्या वर्गातली असल्यामुळे तिच्यासाठी कायद्याची गरज राहिलीच.

५

आतापर्यंतची दोन्ही उदाहरणे मोठ्या व्यापाराची आहेत. वखार आणि दुग्धवसाहत यांमागे राज्यसंस्थेचा पैसा उभा राहू शकला. ज्यांच्यामागे तसा पैसा उभा राहिला नाही, त्यांचे काय झाले हे पाहण्यासाठी शिवडीच्या चाळींकडे वळले पाहिजे.

बॉम्बे डेव्हलपमेंट डायरेक्टरेट या खात्याने १९२० नंतर वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे मिळून २०७ चाळी बांधल्या. त्यांपैकी शिवडीच्या बारा. खोली सुमारे १६० चौरस फुटांची, शौचकूप मजल्यावर सामाईक. कोकणातून व घाटावरून एकटे आलेले गिरणी कामगार जेथे जेवत त्या खानावळी अशाच चाळींतील खोल्यांत चालत. त्या चालविणाऱ्या बहुतांशी स्त्रिया. पहाटे उठून पाळीप्रमाणे दहा-वीस माणसांच्या भाकऱ्या, आमटी व भाजी त्याच खोलीत करावयाची, तेथेच मोरीत भांडी घासावयाची आणि तेथेच रात्री मुलाबाळांसह झोपावयाचे. पगार होईपर्यंत जेवण उधारीवर. त्यामुळे वाणसामानासाठी खानावळवाली वाण्याच्या व सावकाराच्या देण्यात बुडालेली.

भट्टी, धुराडे, वेगळे स्वयंपाकघर व भांडी धुण्याची जागा असलेले उपाहारगृह नजरेसमोर ठेवून केलेले परवान्याचे नियम या स्त्रीला लागू करणे म्हणजे तिला धंद्याबाहेर काढणेच होय. न लागू करणे म्हणजे हजारो कामगारांचे रोजचे जेवण देखरेखीबाहेर सोडणे. या दोहोंखेरीज तिसरा मार्ग कायद्यात नव्हता. तो बाहेरून आला. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना केली आणि खानावळवाल्या स्त्रियांच्या गटांना राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून दिले. हा उपक्रम आरोग्य खात्याचा नव्हता व त्याचे ध्येय सावकारी पाशातून सुटका हे होते. तरीही अन्नस्वच्छतेच्या इतिहासात त्याची नोंद केली पाहिजे. कारण खानावळवालीला स्वच्छतेसाठी जे हवे असते, म्हणजे चांगले धान्य रोखीने घेण्याची ऐपत, पुरेशी भांडी, वेगळी जागा, ते सारे भांडवलाचेच रूप आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर कामगारांचे पगार थांबले, तेव्हा उधारीवर चालणाऱ्या या खानावळींचा आधारही तुटला. पुढील काळात गिरणगावातील पुष्कळ कुटुंबांनी वडापाव, पोळीभाजी, जेवणाचे डबे अशा व्यवसायांचा आश्रय घेतला. अन्नविक्री घरातून रस्त्यावर आली, आणि पाण्याचा नळ आणखी दूर गेला.

६

कोळणीचे उदाहरण याहून निराळे व उद्बोधक आहे. १८८८ च्या कायद्याने मंडईबाहेरील मासळीविक्रीस परवाना आवश्यक केला, पण एक अपवाद ठेवला: समुद्रात पकडून थेट किनाऱ्यास आणलेली ताजी मासळी त्याच होडीतून विकली जात असेल तर हे बंधन नाही. शिवडीसारख्या किनाऱ्यावर कोळ्यांचा व्यवहार ज्या रीतीने चाले त्याची ही कायदेशीर दखल होती. मासळीची शुद्धता येथे विक्रेत्याच्या परवान्यावरून ठरविली नाही, जाळे आणि गिऱ्हाईक यांमधील वेळावरून ठरविली. कायदा करणाऱ्यांनी या एका ठिकाणी व्यवहाराचे स्वरूप अचूक ओळखले होते.

पुढे मासळी दूरवरून येऊ लागली व बर्फाशिवाय ती टिकेना, तेव्हा प्रश्न बर्फाच्या पाण्याचा झाला. माल थंड ठेवण्याचा बर्फ पिण्याच्या पाण्याचा असतोच असे नाही, आणि तोच सरबताच्या व उसाच्या रसाच्या पेल्यात पडला म्हणजे रोगाचे कारण होतो. महाराष्ट्रात २०१८ मध्ये खाण्यास अयोग्य अशा बर्फाला निळा रंग देण्याचा नियम लागू करण्यात आला. नियम साधा, पण त्यामागील बुद्धी लक्षणीय आहे. तपासनीस हजर नसतानाही गिऱ्हाइकाच्या डोळ्यांस भेद दिसावा, अशी ती योजना आहे. पत्र्याच्या छपराने जे उंदराबाबत केले तेच रंगाने बर्फाबाबत करावे, असा हा विचार.

७

स्वातंत्र्योत्तर कायद्यांचा प्रवास थोडक्यात सांगता येतो. १९५४ चा अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा १ जून १९५५ पासून देशभर लागू झाला; त्याच्या नावातच भेसळ आहे, म्हणजे दोषाची कल्पना आहे. २००६ च्या कायद्याने, जो ऑगस्ट २०११ मध्ये अंमलात आला, भेसळीच्या जागी ‘अन्नसुरक्षा’ हा शब्द आणला. लहान विक्रेत्यास परवान्याऐवजी साधी नोंदणी पुरे, ही त्यातील उदार तरतूद. पण त्याखालील नियमांत फेरीवाल्याने पिण्यायोग्य पाणी वापरावे असे सांगितले आहे. ते पाणी त्याला रस्त्यावर कोणी पुरवावे हे त्या नियमांचा विषय नाही. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने विक्रेत्यांस विभागाच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत सामावून घेण्याचे तत्त्व मान्य केले आणि विक्रीक्षेत्रातील नागरी सुविधांसाठी आकार घेण्याची तरतूद केली. सुविधा असतील हे यात गृहीत आहे. हे दोन कायदे एकमेकांना जोडून वाचले व त्याप्रमाणे अंमलात आणले, तर फेरीवाल्याच्या गाडीशेजारी नळ व सांडपाण्याची मोरी असणे हा त्याचा हक्क आणि पालिकेचे कर्तव्य ठरते. अन्यथा एक कायदा पाणी मागतो, दुसरा जागा देतो, आणि विक्रेता बादली घेऊन चाळीच्या नळावर उभा राहतो.

येथे एक आक्षेप संभवतो. सोयी दिल्या म्हणजे सवयी आपोआप बदलतात काय? बदलत नाहीत, हे मान्य केले पाहिजे. फरशीची मंडईही घाण ठेवता येते, आणि तपासनिसाचा धाक नाहीसा झाला तर प्रामाणिक विक्रेताच प्रथम मागे पडतो. म्हणून परवाना व तपासणी निरुपयोगी आहेत असे या लेखाचे प्रतिपादन नाही. प्रतिपादन क्रमाविषयी आहे. जेथे नळ, मोरी, पक्की वखार किंवा थोडे भांडवल आधी आले तेथे नंतरच्या तपासणीला अर्थ आला. जेथे दंड आधी आला व सोय आलीच नाही, तेथे दंड हा धंद्याच्या खर्चाचाच एक भाग होऊन बसला.

शिवडीचा किनारा आज पुन्हा बदलत आहे. जानेवारी २०२४ मध्ये येथून न्हावाशेवाकडे जाणारा सागरी सेतू खुला झाला, आणि जुन्या चाळींच्या पुनर्विकासाचा प्रश्न ऐरणीवर आहे, शिवडीच्या बी. डी. डी. चाळी बंदर-न्यासाच्या जमिनीवर असल्याने तो अधिक गुंतागुंतीचा झाला आहे. नव्या आराखड्यांत मासळी विकणारीला, डबे करणारीला व रस्त्यावरच्या गाडीवाल्याला जागा आणि पाणी मिळते की नाही, हे नकाशा कागदावर असतानाच ठरत असते. १८९६ च्या मांडवीत वखारीवर बिऱ्हाडे रचताना हा विचार कोणी केला नाही, आणि त्याची किंमत शहराने दिली. इतिहासाच्या अभ्यासकाचे काम येथे संपत नाही. महानगरपालिकेच्या वार्षिक अहवालांतील परवान्यांच्या व जप्तीच्या नोंदी आणि त्याच वर्षांतील नळ-मंडयांवरील खर्चाच्या नोंदी शेजारी शेजारी मांडून हा क्रम विभागवार तपासणे, हे आमच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी हाती घेण्याजोगे कार्य आहे.